तुपाच्या डब्यावरचा एक किलो

आमच्या ह्यांना हिशोबाची भारी हौस. गेल्या दिवाळीला मी सांगितलं, "चिवड्याला चार डबे पातळ पोहे आणा." माझं माप म्हणजे तुपाचा रिकामा डबा, वर छापलेलं 'एक किलो'.

"म्हणजे चार किलो. मला काय शिकवतेस!"

रिक्षातून पोतंच उतरलं. शेजारची मासेवाली म्हणाली, "घरात लगीन हाय काय गो?"

मी तिचाच काटा मागितला. डबाभर पोहे पिशवीत ओतून तोलले, तर जेमतेम शंभर ग्रॅम.

"अहो, तो किलो तुपाचा!"

अख्ख्या आळीने महिनाभर चिवडा खाल्ला.

यंदा हे डबा काखेत मारून निघाले. मी मुद्दाम सोबत गेले. दुकानदाराने विचारलं, "किती किलो?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्यात किलो चालत नाही. हा भर, चार वेळा!"