ट्रायलवर गेलेली गाडी

मेकॅनिक गाडी ट्रायलला नेतो ना, तेव्हा ती कुठे जाते ते एकदा बघून या. माझी ऑटोमॅटिक मेहुण्याने दुबईहून आणलेली. तापली की तिसऱ्या गिअरमध्ये अडकायची आणि सायकलवाले पुढे निघून जायचे. आमच्या वस्तीतला, कॅम्प चारचा मेकॅनिक लछूभाई म्हणाला, "गिअर बदलनेवाला सोलेनॉइड होगा. लेकिन मेरे हाथ में तो मक्खन चलती है. ट्रायल लेना पडेगा."

आठवडाभर ट्रायलच. मी सांगून थकलो, "अरे बाबा, हळू चालव, तापू दे, मग कळेल."

रविवारी अंबरनाथला माझीच गाडी समोरून आली. बॉनेटवर झेंडूच्या माळा, आत सेहरा बांधलेला नवरदेव, पुढे बॅण्ड आणि मागून वऱ्हाडी धक्का मारतायत. त्यांच्यातून लछूभाई घाम पुसत आला.

"साहब, आप बराबर बोले थे. भांजे की बारात में धीरे चलाया, गरम हुई, फॉल्ट मिल गया."

दोन दिवसांत सोलेनॉइड बदललं. मी चावीसाठी हात पुढे केला.

"अभी कैसे दूँ? ट्रायल बाकी है. बच्चे हनीमून को माथेरान जा रहे हैं, घाट में गिअर चेक हो जाएगा."