नानांचे बाई-तास

चहा निवायच्या आत ऐका. आमच्या ताईचं लग्न होतं, धरणगावात. सगळा कारभार नानांकडे. नाना म्हणजे आमचे मोठे काका, शाळेत गणित शिकवायचे. जेवणात मांडे, म्हणजे आमच्याकडची खापरावर भाजलेली भली मोठी पुरणपोळी. वऱ्हाड ऐंशी माणसांचं, माणशी दोन मांडे. नानांनी पाटीवर मांडलं, "एक बाई तासात वीस मांडे करते. एकशेसाठ मांड्यांना आठ बाई-तास. आठ बाया बोलवा, तासात काम खलास!"

आक्का, आमची आत्या, म्हणाली, "नाना, पन खापर एकच शे."

"बाई गुणिले तास. यात खापर येतंच कुठं?"

आठ जणी आल्या. नानांचा निरोपच तसा होता, नुसते हात घेऊन या. आक्का त्या एकुलत्या खापरावर भाजतेय, आणि आलेल्या आठही जणी हातावर मांडा झुलवत रांगेत उभ्या, वर गाणी म्हणताहेत! तासात जेमतेम तीस झाले, आणि अमळनेरचं वऱ्हाड दारात.

आणखी दोन तास गेले, पण सगळ्यांची पंगत एकदम बसवायची, म्हणून कुणाच्याच पानात मांडा पडेना. व्याही रेल्वेतले. पाटी वाचून हसत म्हणाले, "ऐंशी पाहुणे, दोन तास उपाशी. नाना, एकशेसाठ पाहुणे-तास भूक झाली. तिला मांडे किती?"

अख्खा मांडव हसला. नाना जे पळाले, ते गल्लीतून तीन खापरं घेऊनच परतले. धापा टाकत पहिलं काम काय केलं? पाटी उचलली आणि बाई-तासापुढं 'खापर' लिहिलं.

आक्का आतून ओरडली, "नाना, खापर पाटीवर नही, चुल्हावर ठेवा!"