साहेबांच्या रडण्याचा व्हिडिओ

(स्वयंपाकघर. साहेब, म्हणजे एका सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख, ओट्याला टेकून उभे. बायकोच्या हातात मोबाईलचा कॅमेरा.)

बायको : थांब, थांब. 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणताना हसलास तू.

साहेब : हसलो? गहिवरलो होतो मी!

बायको : पुरस्कार घ्यायला आल्यासारखा उभा आहेस.

साहेब : सवय गं. आयुष्य स्टेजवर गेलं. सल्लागारबाई म्हणाल्यात, घरीच शूट करा, जुना टी-शर्ट घाला, मागे खरकटी भांडी दिसू द्या. आणि डोळ्यांत पाणी हवंच. नऊशे लोकांना काढतोय, एखादा थेंब तरी शोभायला हवा.

बायको : मग त्या जुन्या टी-शर्टचं लेबल काढ आधी. लोंबतंय. आणि यादी वाचलीस का तू?

साहेब : यादी कॉम्प्युटरने काढली. मी बोटसुद्धा लावलं नाही. कंपनीवर कुणाचा किती जीव आहे ते तो बरोबर ओळखतो.

बायको : ते कसं?

साहेब : मी रोज सकाळी ग्रुपवर विचार टाकतो ना, त्याला कोण बदाम देतं त्यावरून.

बायको : बदाम!

साहेब : लाल बदाम. नुसता अंगठा दाखवला तर अर्धाच जीव धरतो.

बायको : म्हणून दादा यादीत आले होय?

साहेब : तुला कुणी सांगितलं?

बायको : त्यांनीच. दुपारी फोन होता. अरे, सख्खा मोठा भाऊ तुझा! चांगली नोकरी सोडून त्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला, तेव्हा तू व्हिजिटिंग कार्डाचा रंग ठरवत होतास.

साहेब : त्या कार्डावरच पहिला गुंतवणूकदार भाळला! आणि दादाने आजवर एक बदाम दिला असेल तर शपथ.

बायको : ते केबिनमध्ये येऊन तोंडावर सांगायचे, काय चुकतंय ते.

साहेब : कॉम्प्युटरला ते कुठे दिसतं? आणि आता त्याला वगळलं, तर भावाला वाचवलं म्हणून बोंब होईल. संचालक टपूनच बसलेत, माझी खुर्ची जाईल. ...फार चिडलाय का गं?

बायको : नाही.

साहेब : मग काय म्हणाला?

बायको : म्हणाले, 'त्याला बोलू नकोस काही. लहानपणी बाबा ओरडले की माझ्या पाठीमागे लपायचा तो. आता पुढे उभं राहायला कुणी नाही, घाबरला असेल. त्याला म्हणावं, वेळेवर जेवत जा.'

साहेब : (ओट्यावर डोकं टेकवून हुंदके देऊ लागतात.)

बायको : अरे! ये, बस इथे. रड, मोकळा हो.

साहेब : मी फार वाईट वागलो गं त्याच्याशी. फार वाईट.

बायको : मग फोन कर त्यांना. आत्ता.

साहेब : करतो. ...हे आलं ना सगळं रेकॉर्डिंगमध्ये?

बायको : नाही. दादांचा विषय निघाला तेव्हाच मी कॅमेरा बंद केला.

साहेब : बंद केलास? ...बरं, चालू कर. आणि दादा काय म्हणाला, ते परत एकदा सांग. अगदी तसंच.