हँग फायरचा बरोबर अर्थ

सिद्धलिंगप्पा ईरप्पा कोनापुरे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार सोलापूर. आणि कोणी काहीही सांगो, अर्थ मी बरोबर सांगितला होता! हसता काय? आधी ऐका, मग हसा. भुवया जळाल्याचा किस्सा तुम्हाला बाहेर कोणीतरी सांगितलेला दिसतो, आणि सांगणाऱ्याने त्यातला अर्थाचा भाग गाळला असणार हे उघड आहे. कारण भुवया सर्वांना कळतात, अर्थ कोणाला कळतो?

तुम्हाला सांगतो, मी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. नवी पेठेत कापडाच्या दुकानात गज हाती धरून जन्म काढला, आणि विलायती कापडाच्या गठ्ठ्यांना जी इंग्रजी वर्तमानपत्रे गुंडाळून येत ती गिऱ्हाईक नसताना तळहाताने सपाट करून वाचली. पुढे जुन्या बाजारात एक डिक्शनरी मिळाली. 'ए'पासून 'डी'पर्यंतची पाने वाळवीने खाल्लेली. म्हणून काय झाले? 'ई'पासून पुढचे संपूर्ण इंग्रजी मला येते, आणि अलीकडचे चार वर्ण न वापरताही मनुष्य सभ्यपणे जगू शकतो हे मी सिद्ध करून दाखविले आहे.

तर आमची नात गिरिजा. तिचे आईबाप इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे. सतरा सरून अठरावे लागलेले, इंग्रजी तीन इयत्ता झालेल्या, नाक सरळ, जीभ त्याहून सरळ. तिला पाहायला बाळीवेशीतले चनमल्लप्पा आले. सरकारी कचेरीतले पेन्शनर. मनुष्य कसा? आधी मिशा येतात, आणि मग सवडीने चनमल्लप्पा येतात! मुलगा शिवपुत्र मात्र बापावर गेलेला नाही. गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट, शांत. त्याने पोरीला काय विचारावे? भाकरी येते का, असे नव्हे, "वाचायला आवडतं का?" असे विचारले, आणि निघताना मागे वळून पाहण्याच्या नादात आमच्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतले. ठण्ण! गिरिजा दोन दिवस हसत होती. चुलीपुढे हसे, पाणी भरताना हसे. त्या पोरीला इतके हसताना मी तोपर्यंत पाहिले नव्हते.

मी उंबऱ्यातच चनमल्लप्पांना विचारले, "मग, होकार समजू?" तर ह्या गृहस्थाने मिशीला पीळ दिला, साहेबासारखे ओठ केले, आणि म्हणाला, "सध्या मॅटर हँगिंग फायर आहे बघा, कोनापुरे!" आणि छत्री उचलून चालता झाला.

आमचे कुटुंब मायाक्का आतून धावत आली. "काय म्हणाला? व्हय म्हणाला का न्हाय म्हणाला?"

"इंग्रजीत म्हणाला."

"ते त्याचं तोंड वाकडं झालं तवाच कळलं. पण म्हणाला काय?"

मी डिक्शनरी काढली. 'एच' शाबूत होता. हँग फायर म्हणजे काम रेंगाळणे, लांबणीवर पडणे. परंतु एवढ्यावर थांबेल तो वाचक कसला? हे शब्द आले कोठून? बंदुकीतून! जुन्या बंदुकीच्या कानावर, म्हणजे बाजूच्या छिद्रावर, चिमूटभर दारू ठेवीत, तिला रंजक म्हणतात. ती पेटली की विस्तव कानातून आत जाई आणि मुख्य दारू उडे. पण कधी कधी काय होई, की रंजक भुर्रकन जळून जाई आणि आतली दारू मात्र विचार करीत बसे... उडू की नको, उडू की नको... पेटली म्हणावे तर आवाज नाही, विझली म्हणावे तर भरवसा नाही! तो हँग फायर. आणि अशा बंदुकीचा पहिला नियम कोणता? जवळ जायचे नाही! वाकून पाहायचे नाही! दूर उभे राहायचे, ती आपली आपण उडेल.

म्हणून मी घरात हुकूम सोडला की बाळीवेशीकडे कोणीही फिरकायचे नाही. चुकले काय माझे? अर्थ बरोबर होता!

मायाक्का म्हणाली, "अवो, पोरीकडच्यांनी चार खेपा घालायच्या असतात. जायचं, चहा प्यायचा, त्याच्या मिशांला चांगलं म्हणायचं, परत यायचं. न जाता कोण सून नेतंय?"

"ती गावाची रीत झाली. मी भाषेचा अर्थ सांगतो आहे."

"भाषेला पोरगं हाय का लग्नाचं?"

एकदा तर इरकल नेसून, हातात पिशवी घेऊन ती निघालीच. मी दारात आडवा उभा राहून तिला 'एच'मधला तो मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविला. ती परत आत गेली, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या कशा होत्या ते विचारू नका. गिरिजाही आली. "अज्जा, नुसतं जाऊन या. विचारू नका काही. दिसा तरी त्यांना!" मी म्हणालो, "बाळ, बंदुकीला आपण दिसलो तर तेवढेच तिला पुरते." दसरा गेला, दिवाळी गेली, तिचे हसणेही कोठेतरी गेले, आणि मी दूर उभा होतो... नियमाप्रमाणे!

मग तेहतीस सालचा गड्डा आला, म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा. दुपारची वेळ, मैदानावर ही गर्दी, आणि गर्दीतून कोण येते? मिशा!

"काय हो कोनापुरे! मेलाव का काय म्हणलं! आलाच न्हाईत की! मी आपला रोज ओटा झाडून बसायलोय, आज येतील, उद्या येतील... शेवटी अक्कलकोटचे लोक आले बघा, चार खेपा घातल्या, माझ्या मिशांला संस्थानिकासारख्या म्हणाले. देऊन टाकलं की पोरगं! परवा साखरपुडा झाला."

"आणि ते हँगिंग फायर?"

"ते होय! आमचा साहेब म्हणायचा तसं. म्हणजे या की, बसा की, जरा विनवा की आमाला! लगेच व्हय म्हणायला मी काय वाटेवर पडलोय?"

सांगा आता! तीन महिने मी ज्याच्यापासून दूर उभा राहिलो ती बंदूक नव्हतीच, ते एक फुगलेले तोंड होते, आणि त्याला कोणीतरी चमच्याने स्तुती भरवायला हवी होती! अर्थ माझा बरोबर. वापर त्याचा चूक!

तेवढ्यात पलीकडे दारूवाला संध्याकाळच्या शोभेच्या दारूकामाआधी एक उखळी बार उडवून पाहत होता. लोखंडी नळी जमिनीत पुरलेली, तोंडातून वात. वात सुरसुरत आत गेली, आणि... काही नाही. दारूवाला ओरडला, "कोण जवळ जाऊ नका रे!" तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. "पाहा! हेच ते! हा हँग फायर!"

चनमल्लप्पा म्हणाले, "ह्या! विझलंय ते. तुमच्यासारखंच फुसकं हाय." आणि तरातरा चालत जाऊन त्या नळीवर वाकू लागले. मिशांसकट!

मी सावध केले नाही असे म्हणणारे लोक खोटे बोलतात. मी तत्काळ आरंभ केला: "चनमल्लप्पा, ज्या अर्थी वात आत गेलेली आहे, आणि ज्या अर्थी आवाज अद्याप झालेला नाही, त्या अर्थी, आपल्या वयाचा व पेन्शनचा मान राखून, आपणांस नम्र विनंती करावीशी वाटते की आपण कृपा करून—"

धडाम!

'कृपा करून' ऐकायला त्यांनी मान माझ्याकडे वळविली, म्हणून डोळे वाचले. तेव्हा डोळे मी वाचविले असेच म्हणावे लागेल. डावी मिशी संपूर्ण गेली, उजवी अर्धी राहिली, भुवया दोन्ही गेल्या. धुळीत बसून "यप्पा... यप्पा..." करीत होते, आणि भोवती सारा गड्डा हसत होता. मीही हसलो. का हसू नये? भर मैदानात त्यांना अर्थ कळला होता!

तसाच घरी आलो आणि गिरिजेला सगळे सांगितले, मिशीच्या शेवटच्या केसापर्यंत सांगितले. म्हटले, आता तरी हसेल पोर. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हणजे ते आपली वाट बघत होते, अज्जा? कुणी तरी विचारायला यावं म्हणून?"

"होय, परंतु अर्थ—"

"विचारण्याला इंग्रजीत 'आस्क' म्हणतात, अज्जा. तो शब्द 'ए'मध्ये येतो. तुमच्या वाळवीनं खाल्लेल्या पानांत." आणि भांडी घासायला निघून गेली.

पुढे दुधनीचे स्थळ आले ते मला कळलेच नाही. मायाक्का बहिणीकडे जाते म्हणून सांगून चार खेपा घालून आली. घरात जात्यावर हळद दळू लागले तेव्हा मी विचारले, कोणाची? तर म्हणे, "तुमच्या नातीची." मुलगा आडत दुकानदार, बरा आहे; सगळे ठरल्यावर एकदा घरी आला, तेव्हा मी पाहिला. वाचायला आवडते का, असे त्याने विचारले नाही. निघताना तो सरळ निघून गेला; चौकट त्याला लागली नाही.

चनमल्लप्पांना भुवया पुन्हा आल्या. शिवपुत्र अक्कलकोटकरांचा जावई झाला. आमच्या घरात आता जे ठरते ते ठरून गेल्यावर मला सांगतात, आणि डिक्शनरी मायाक्काने लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेली आहे. अर्थ मात्र बरोबर होता.