चन्नबसप्पांची एकेचाळीस कुलपं

(उदगीर. आडत दुकानामागचं घर, सकाळची वेळ. सतरंजीवर जुनी कुलपं ओळीनं मांडलेली. घरातली म्हातारी शांतम्मा, तिचा मुलगा शिवप्रसाद आणि लातूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक हरिओम.)

हरिओम : एकेचाळीस कुलपं, सगळी बंद, आणि चावी एकाचीही नाही?

शिवप्रसाद : चाव्या आप्पासोबत गेल्या, सर. आमच्यात पुरतात, तुम्हाला ठाऊकच असंल. जुडगा त्यांच्या करदोड्याला होता. मीच म्हणलो, आप्पाच्या अंगावरलं काही काढायचं न्हाई.

शांतम्मा : लई मान ठेवलास बापाचा. कैलासाच्या दारालाबी कुलूप निघालं तर कामाला येतील.

शिवप्रसाद : अव्वा, सर लातूरहून आलेत.

शांतम्मा : येऊ द्या की. च्या पिऊन राहिलेत, मी कुठं कप काढून घेतला?

हरिओम : असू द्या हो. काकू, आमच्या कॉलेजात एक छोटं दालन करतोय आम्ही, जुन्या घरगुती वस्तूंचं. शिवप्रसादजींनी वडिलांचा हा संग्रह द्यायचं कबूल केलंय. पाटीवरचा मजकूरही लिहून दिलाय.

शांतम्मा : वाचा की.

शिवप्रसाद : मागून वाचू.

शांतम्मा : तुला न्हाई म्हणले. सर वाचतील. त्यांचं पोटच वाचण्यावर हाय.

हरिओम : ‘लिंगैक्य चन्नबसप्पा यांचा दुर्मिळ कुलूपसंग्रह. कुलुपांच्या गूढ विद्येचे जाणकार, थोर छंदिष्ट आणि...’

शांतम्मा : जाणकार? त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत न्हवतं, सर. हाक मारायचे मला.

शिवप्रसाद : सर, तिच्याकडं ध्यान देऊ नका. वय झालंय.

शांतम्मा : हाव, माझंच झालंय. ह्याचं पंचविशीत थांबलंय.

हरिओम : मला एकच अडचण आहे. ही कुलपं उघडून दाखवता आली तर मुलांना आतली करामत कळेल. लातुरात एक चावीवाला आहे, त्याला बोलावून...

शांतम्मा : त्यो करवत लावंल. कुठलं बघायचंय तुम्हाला?

हरिओम : हे, माशाच्या आकाराचं.

शांतम्मा : शिवा, देव्हाऱ्याखालची माझी पिशवी आण.

शिवप्रसाद : अव्वा, नको आता ते.

शांतम्मा : का? सरांना वाटंल म्हातारी दारू लपवून ठेवती. आण.

शिवप्रसाद : ही घे. सर, तिला आपला एक नाद हाय. बाहेर बोलू नका.

हरिओम : अरे! ही तर सगळी हत्यारं आहेत. हे काय आहे काकू, दोन दातांचं?

शांतम्मा : उलथन्याची दांडी. मधोमध चिरली आन् कानशीनं घासली. ह्या माशाच्या आत पितळंच्या दोन पात्या असतात, फाकून बसलेल्या. दोन्ही एकदम दाबल्या की कडी सुटती. धरा तुम्ही, शेपटाकडून. हलू नका. झालं.

हरिओम : अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

शांतम्मा : पहिल्या खेपंला नऊ दुपारी गेल्या. आन् सुनेची दुपार किती असती, भांडी घासून होईस्तोवर.

हरिओम : आणि ही काळी पट्टी?

शांतम्मा : ही चार लिव्हरच्या कुलपाची. पट्टी चिमणीवर धरायची, काजळी बसू द्यायची. मग आत घालून फिरवायची. जिथली काजळी पुसली तिथं कानस मारायची. परत काजळी, परत कानस. आमच्या बोळातला ग्यानोबा लोहार विचारायचा, काकू, एवढी कानस कशाला लागती? मी म्हणायची, नखं लई वाढतात.

हरिओम : म्हणजे साहेब कुलपं जमवायचे, आणि तुम्ही ती उघडायला हत्यारं करायच्या. दोघांचाही छंद एकच. हे फार सुंदर आहे.

शांतम्मा : छंद? सर, ते जमवत न्हवते. हरत होते.

शिवप्रसाद : अव्वा.

शांतम्मा : मी एक उघडलं की ते दुसरं आणायचे. ते उघडलं की तिसरं. एकेचाळीस झाली. तुम्ही त्याला संग्रह म्हणून राहिलाव.

शिवप्रसाद : न्हाई सर, आप्पांना खरंच आवड होती. हैदराबादला गेले की जुन्या बाजारात दोन-दोन तास कुलपं बघायचे. नांदेडच्या भंगारवाल्यानंबी त्यांच्यासाठी काढून ठेवलेली असायची.

शांतम्मा : बघायचे, खरं हाय. आन् विचारायचे काय? ‘बाईमाणसाला उघडणार न्हाई असं दे.’

शिवप्रसाद : असं कशाला विचारतील ते?

शांतम्मा : मी शेजारी हुभी होते. पिशवी धरून.

हरिओम : पण काकू, ही कुलपं लावायचे कशाला?

शांतम्मा : कोठीला. तूप, गूळ, खोबरं, डिंक, सगळं आतमदी.

शिवप्रसाद : व्यापाऱ्याच्या घरी कोठीला कुलूप असतंच, सर. त्यात काय नवल?

शांतम्मा : चोरासाठी दुकानाला असतं. कोठीचं सुनेसाठी.

शिवप्रसाद : जुन्या गोष्टी हायत. सरांना उशीर होऊन राहिला.

हरिओम : मला अजिबात उशीर नाही. पहिलं कुलूप कुठलं, काकू?

शांतम्मा : हे, कोपऱ्यातलं साधं. ह्याच्या मोठ्या बहिणीच्या वेळचं. अंजू झाली तवा माझी सासू उमादेवी म्हणली, पोरगी झाली, आता डिंकाचे लाडू कशाला करायचे? कोठीला कुलूप घातलं आन् चावी दिली लेकाकडं. मला दोन वेळा ज्वारीची भाकर आन् पातळ वरण. दूध उतरंना. पोरगी दिवसा रडायची, मग रडायचीबी थांबली. नुसती तोंड हलवायची.

हरिओम : साहेबांना सांगितलं नाहीत?

शांतम्मा : सांगितलं की. म्हणले, अव्वा म्हणती ते बरोबर असंल. भला माणूस. आईचा शब्द मोडायचा न्हाई, बायको मोडली तर चालती.

शिवप्रसाद : आप्पा असं म्हणले?

शांतम्मा : तू अजून जन्मायचा होतास, तुला कोण विचारायला येणार? बाराव्या दिवशी सासू मठात गेली. आडतीच्या घरात पोती शिवायच्या दाभणाला काय तोटा? एक दाभण चुलीत लाल केलं, टोक वाकवलं. तासभर आत चाचपडत होते. कडी सुटली. डिंक घेतला, खोबऱ्याची वाटी घेतली, गुळाचा खडा घेतला. तूप तळहातावर घेऊन चाटलं. भांडं घेतलं तर घासावं लागलं असतं. परत कुलूप लावलं आन् पोरीजवळ जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दूध आलं.

हरिओम : आणि कळलं कधी त्यांना?

शांतम्मा : आठवड्यानं सासूनं खोबरं तागडीत टाकलं, कमी भरलं. दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप.

हरिओम : तुम्हाला काही बोलले नाहीत?

शांतम्मा : एक अक्षर न्हाई. ते बोलले असते तर विचारावं लागलं असतं, का उघडलंस? आन् त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. म्हणून नवं कुलूप आणायचे. त्याला तोंड लागत न्हाई.

शिवप्रसाद : मला ह्यातलं काही आठवत न्हाई. माझ्या आठवणीत कोठी उघडीच असायची. मी जाऊन गूळ खायचो.

शांतम्मा : तू झालास तवा कोठी सताड उघडी. सासूनं आपल्या हातानं लाडू वळले, मला बसवून भरवले. तू आलास की कोठी उघडी, तू गेलास की माझ्यापुरती परत कुलूप. आन् आता पाटी लिहून राहिलाय तू.

हरिओम : सासूबाई गेल्यावर तरी थांबलं असेल?

शांतम्मा : न्हाई. त्यांना हरायचं कळत न्हवतं, मला जिंकायची चटक लागली. शेवटची सात-आठ कुलपं तर त्यांनी रिकाम्या कपाटाला लावली. आत काही न्हाई. लावायचे आन् बाहेर पेपर घेऊन बसायचे, मला किती वेळ लागतो बघत.

हरिओम : काकू, मग ती त्यांनी तुमच्यासाठीच आणली म्हणायची. एका परीनं हे प्रेमच झालं की.

शांतम्मा : कॉलेजात हेच शिकवता का, सर? ‘चुकलो’ एवढं म्हणले असते तर एकबी कुलूप लागलं नसतं. कुलूप आणणं सोपं पडलं त्यांना.

हरिओम : माझं चुकलं, काकू.

शांतम्मा : बघ शिवा, सरांना जमलं. मिनिटबी लागला न्हाई.

शिवप्रसाद : सर, हे पाटीवर येणार न्हाई ना? उद्घाटनाला समाजाची माणसं येणार, मठातले स्वामी येणार. चन्नबसप्पानं बाळंतिणीला उपाशी ठेवलं म्हणतील. दुकानावर त्यांचा फोटो हाय.

शांतम्मा : तर मग देऊ नको कुलपं. बस फोटोला हार घालत.

शिवप्रसाद : मी कबूल झालोय त्यांना.

शांतम्मा : तू कबूल झालास, आन् उघडणार कोण? चाळीस अजून बंद हायत. मी लातूरला आले तर उघडतील. माझी हत्यारं त्याच काचंत, कुलपाशेजारी ठेवणार असतील तर मी येईन.

हरिओम : ठेवू. प्रत्येक कुलपाजवळ त्याचं हत्यार. पाटी मी नव्यानं करतो. तुम्हीच सांगा काय लिहायचं.

शांतम्मा : लिहा, ही कुलपं चन्नबसप्पांनी लावली. शांतम्मानं उघडली.

हरिओम : बस? आणि का, ते?

शांतम्मा : साकू. एवढं पुरे. ह्याला समाजात फिरायचंय. ज्याला विचारायचं त्यो विचारंल.

शिवप्रसाद : सर, गाडी मी करतो लातूरची. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो तिला.

हरिओम : चालेल. मग मी निघतो, काकू. येऊ?

शांतम्मा : या. मासा उघडाच राहू द्या.

शिवप्रसाद : (हरिओम गेल्यावर) अव्वा, हे अंजूअक्काला ठाऊक हाय?

शांतम्मा : न्हाई.

शिवप्रसाद : एवढी वर्षं तिला सांगितलं न्हाईस? आप्पा आजारी होते तवा तरी सांगायचंस. ती नांदेडचं घर सोडून चार महिने इथं राहिली त्यांच्यापाशी.

शांतम्मा : राहिली म्हणून न्हाई सांगितलं. तिच्या हातचा घास तेवढा घेत होते. आपण भरवला की तोंड मिटायचे. सांगून काय करायचं होतं, त्यांना उपाशी ठेवायचं?