हिस्सा दे!

अन् म्हनं कल्ला! आवो, कल्ला काय म्हनता... अल्बम हाय तो, अल्बम! थ्रॅश मेटल! गिटार अशी की मळणी यंत्रात दगड गेलाय, ड्रम असा की छातीवरनं ट्रॅक्टर चाललाय, अन् त्याच्यावर आमची राजनंदिनी बेंबीच्या देठापासून वरडती, 'हिस्सा दे! वावरात माजा हिस्सा दे!' आवाज माज्या पोरीचा हाय, म्हनलं!

पन तुमाला सांगतो, आख्ख्या राहुरी तालुक्यात बोंब! आमचे शेजारी काकासाहेब तर भर ग्रामसभेत उठले, मिशी कुरवाळीत, 'रंगनाथराव, असलं ऐकून गावच्या लेकीबाळी बिघडत्याल, बंद करा ते!' म्हनलं, मी तिच्या भावाइतकंच वावर तिच्या नावावर करून बसलोय, मी बिघडलो का? आवाज माज्या पोरीचा हाय!

मग ज्वारी आली हुरड्यात. पाखरांचे ह्ये थवे! अन् गोफण फिरवायला मानूस मिळंल तर शपथ! तर एक दिवस काकासाहेबांच्या वावरातनं काय ऐकू यावं? 'हिस्सा दे! हिस्सा दे!' राखणीच्या माळ्यावर भोंगा बांधलेला! हेच ते काकासाहेब! वर मलाच म्हनत्यात, 'काय सांगू, हिच्यापुढं एक पाखरू टिकत न्हाई बगा!' झालं, बगता बगता सगळ्या शिवारात तेच चालू.

तेवढ्यात त्यांची अश्विनी सोनईहून माहेरपनाला आली. बापाच्याच भोंग्यावर दिसभर हेच ऐकतीय... जेवताना बापाला म्हनली, 'दादा, माजा हिस्सा?' काकासाहेब उष्ट्या हातानं माज्या दारात! 'तुमच्या पोरीनं माजी पोरगी बिघडवली!' म्हनलं, भोंगा कुनी बांधला वो? आवाज माज्या पोरीचा हाय!

मी? मी न्हाई लावला भोंगा. राजनंदिनीनं फोनवर शब्द घेतलाय, 'आण्णा, तुमी तरी पाखरं हाकलायला लावू नका. तुमी ऐका.' ऐकतो की! बांधावर बसून, कानात घालून. सगळंच कळतंय असं न्हाई... पन ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू?

पन मला सांगा, सगळ्या शिवारातनं हाकललेली पाखरं जानार कुटं? माज्याच ज्वारीत की वो! हुसकायला हात उचलला, तर कानात लेक वरडती, 'हिस्सा दे!'

...बसलो परत खाली. म्हनलं, खा बाबांनो.