मढ्याचं काम

तुम्ही काही म्हणा, सिनेमात मेलेल्याच्या कामाला जिवंत माणूस घेऊ नये. दाभोशाला शूटिंग आलं आणि मोखाड्याला मास्तरकी करून रिटायर झालेल्या आमच्या ह्यांना थेट मढ्याचं काम मिळालं. हे खुशीत. माझ्या सोळा सोमवारांचा ऐन शेवटचा सोमवार, आणि नवरा तिरडीवर! मी कडेला उभी राहून महादेवाचा धावा करत होते.

मढ्याची आई झालेल्या बाई जुन्या नाटकातल्या. "माझ्या राजाऽऽ" म्हणत त्यांनी ह्यांच्या छातीवर असे गुद्दे घातले की हे खोकलेच. शॉट पुन्हा. मग बायको झालेली मुंबईची मुलगी आली. तिचा अभिनय सगळा आतला. रडेना, बोलेना, नुसती बघत बसली.

डायरेक्टर वैतागला, "अगं, एक तरी टिपूस काढ!"

"खरं वाटल्याशिवाय मला रडू येत नाही, सर. काका मेलेत असं आतून जाणवतच नाहीये."

तिरडीवरून, डोळे मिटूनच, हे म्हणाले, "मलाही नाही गं, बाळ."

डायरेक्टरने ह्यांना उठवलं आणि त्यांच्या जागी कापडात गुंडाळलेला पेंढा ठेवला. तो बघून ती पोरगी ढसाढसा रडली!

परतताना जीपमध्ये हे फुगून बसले. "तुझ्या सोळा सोमवारांनी मला धड मरूही दिलं नाही."

मी म्हटलं, "रुसू नका. आता जिवंत माणसाचं काम मिळावं म्हणून पुन्हा धरते."